घागरीतला सा

आमच्या अप्पांना म आणि नी कधी सापडले नाहीत. बाकीचे पाच सूर सापडले, पण तेही एका बैठकीत नव्हे. त्याला आठ-नऊ वर्षं लागली. घाटनांदूरला आमचं भांड्यांचं दुकान होतं. लोक जुनं पितळ मोडीत घालायला आणायचे आणि त्याच्या बदल्यात स्टीलचे डबे, ताटं, पिंपं घेऊन जायचे. सगळ्यांना तेव्हा स्टीलचं वेड लागलं होतं. मोडीत आलेल्या प्रत्येक भांड्याला अप्पा ढिगात टाकण्याआधी बोटाच्या पेरानं एक टकोरा मारायचे. भांडं नुसतंच खणखणलं तर ते ढिगात जायचं. पण एखादं भांडं असं काही बोलायचं, की अप्पा गिऱ्हाइकाला विसरून ते कानाशी धरून उभे राहायचे. अशी पाच भांडी आणि वरच्या साचं एक फुलपात्र त्यांनी वेगळं काढलं होतं. घागर म्हणजे सा, कळशी म्हणजे रे, पातेलं ग, गडवा प आणि तांब्या ध. म आणि नी न मिळाल्यामुळे अप्पा आयुष्यभर एकच राग वाजवत राहिले, भूप. कुणी दुसरा राग सुचवला तर म्हणायचे, "भूपातच काय कमी हाय?" त्यांच्याकडे दुसरा इलाज नव्हता, हे मला फार उशिरा कळलं.

हा नाद त्यांना लागला तो हैदराबादला. तरुणपणी ते तिथं चुलत्याच्या दुकानात कामाला होते. दिवसभर ठठेऱ्यांच्या, म्हणजे तांबटांच्या, हातोड्या ऐकायच्या आणि संध्याकाळी दर्ग्यातली कव्वाली. मग घरी येऊन रेडिओवर गवयांचं गाणं, तेही खरखर बाजूला सारून. संसार झाला, दोन पोरं झाली, आणि आपल्याला जे आवडतं ते पोरांना दिलंच पाहिजे असं त्यांनी ठरवलं. वाटणीत शेत द्यावं तसं. मला आणि धाकट्या बसूला विचारलं मात्र कुणी नाही.

रविवारी दुपारी येसराची आमटी, भाकरी आणि वर भात असं जड जेवण व्हायचं. मग अप्पा दुकानाची अर्धी फळी लावायचे, सतरंजी अंथरायचे, सहा भांडी चुंबळींवर मांडायचे आणि शिसवी काडीला चिंधी गुंडाळून आमच्याकडे बघत एकच शब्द बोलायचे, "ऐका." त्यानंतर हलायचं नाही, खाजवायचं नाही, शेजारच्या पिठाच्या गिरणीकडे लक्ष द्यायचं नाही. बसू उघड्या डोळ्यांनी झोपायला त्या दुपारींतच शिकला. पुढे तो सरकारी नोकरीत गेला, तेव्हा ही विद्या त्याच्या फार उपयोगी पडली. वाजवून झालं की परीक्षा. "गिरजे, आत्ता कोणतं वाजलं?" मी म्हणायची, "पातेलं." "सूर सांग." "पातेल्याचा." अप्पा कपाळाला हात लावायचे.

आमच्या अव्वेचं गाणं निराळं. अव्वा म्हणजे माझी आई. ती बिदरकडची, माहेरची भाषा कानडी. भाकरी थापताना, पाणी भरताना ती तिकडची गाणी गुणगुणायची. सगळी एकाच चालीतली वाटायची. त्यांतला मला एक शब्द कळायचा, 'नीरु', म्हणजे पाणी. आमच्या घरी मैत्रिणी आल्या की मी स्वैपाकघराचं दार ओढून घ्यायची, कारण "तुझी आई काय म्हणते गं?" ह्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि लाज भरपूर होती. अप्पाही काही कमी नव्हते. भूप वाजवता वाजवता मागून अव्वेचा आवाज आला, की थांबून म्हणायचे, "तुजं कानडी जरा थांबीव की. लई वर लागतंय ते." अव्वा थांबायची. आता ते आठवलं की वाटतं, त्या घरात गाणं द्यायला बसलेली माणसं दोन होती, पण सतरंजी एकाच्याच नावावर होती.

आणि घ्यायला बसलेली मी कशी होते? पंधरा वर्षांची, दोन वेण्यांची, लाल रिबिनींची, आणि आपण चुकून घाटनांदुरात जन्मलो अशी पक्की समजूत असलेली. गावात नुकतीच केबल आली होती. बाजारात लाल-निळ्या प्लास्टिकच्या घागरी आल्या होत्या. अप्पा त्यांना टकोरा मारून म्हणायचे, "बघ, शेळीनं लेंडी टाकल्यावानी आवाज येतो." अशातच मामानं हैदराबादहून माझ्यासाठी वॉकमन आणला. कानांवर काळ्या स्पंजाच्या टिकल्या, कमरेला डबी, डबीत नव्या सिनेमाची कॅसेट. मी तो घालून विहिरीवर जायची, दुकानात बसायची, एकदा तर घालून देवळात अंगाऱ्यालाही गेले. गुरवबाबांनी अंगारा लावता लावता विचारलं, "पोरीच्या कानाला काय झालं?" बसूची लेक आता कानांत पांढरे मणी घालून फिरते आणि हाक मारली तर ओ देत नाही. तिची आई तिला ओरडते. ह्या बाबतीत मला तोंडच नाही.

महाशिवरात्र आठवड्यावर आली होती. गुरवबाबा दोन वर्षं अप्पांच्या मागे लागले होते, की एकदा तरी महादेवाच्या देवळात वाजवा. अप्पा बुजरे. दुकानाच्या फळीबाहेर त्यांचा भूप कधी गेला नव्हता. शेवटी ते हो म्हणाले आणि त्या दिवसापासून त्यांची भूकच गेली. शनिवारी ते माल आणायला लातूरला निघाले, तेव्हा मला सांगून गेले, "सहाबी भांडी चिंचेनं घासून, वाळवून वरच्या फळीवर ठिव. आन् टकोरा मारल्याबिगर कुणाला भांडं देऊ नको." टकोरा हा आमच्या धंद्याचा नियमच. चीर गेलेलं भांडं डोळ्याला दिसत नाही, कानाला दिसतं.

मी भांडी घासली. अशी घासली की दिव्यासारखी लखलखली. तेवढं माझं हातचं काम चांगलं होतं. मग ती वाळायला गल्ल्याशेजारी विक्रीच्या भांड्यांतच पालथी घातली आणि कानांत गाणं सुरू केलं. फळीवर ठेवायचं राहिलं. दुपारी गावातले भानुदासमामा आले. त्यांच्या भाचीचं सोमवारी लग्न होतं, तिला द्यायला घागर हवी होती. त्यांचे ओठ हलताना दिसले, म्हणून मी एका कानावरची टिकली अर्धी उचलली.

"ही दे. ही जड हाय आन् चकाकती बी लई."

"घ्या की."

"टकोरा मारून दे ना, बाई."

"आमच्या दुकानात खोटा माल नसतो, मामा," असं मी ऐटीत म्हणाले आणि टिकली परत कानावर ओढली. भांड्यावर नाव घालायचं मशीन माझं फार लाडकं. कानात गाणं, हातात थरथरणारी सुई! मी घागरीच्या गळ्याखाली वळणदार अक्षरांत घातलं: 'चि. सौ. कां. सुनंदा हिस मामाकडून सप्रेम भेट.' शेवटी जागा उरली म्हणून एक पाच पाकळ्यांचं फूलही काढलं. फुकट.

संध्याकाळी भांडी फळीवर ठेवायला गेले, तर उरलेली घागर दोन बोटं उंच, आमची नव्हेच. मग उजेड पडला, भानुदासमामा अप्पांचा सा घेऊन गेले होते. पण मी काय साधीसुधी? जिथं सा असायचा तिथं दुकानातली तसलीच दुसरी घागर चिंचेनं घासून ठेवली आणि तिचं तोंड जरा भिंतीकडे केलं. जशी काही घागर तोंडावरून ओळखतात.

रविवारी अप्पांनी काडी उचलली. "ऐका." डोळे मिटले आणि घागरीवर मारली. मग डोळे उघडले. पुन्हा मारली. कळशीवर मारली, घागरीवर मारली. मी सतरंजीचा दोरा उसवत बसले. आता चोरी पकडली जाणार, आता मार बसणार, म्हणून मी पाठ ताठ केली होती. पण अप्पांनी घागरीकडे बघितलंच नाही. त्यांनी करंगळी कानात घातली, हलवली, आणि बारीक आवाजात म्हणाले, "आज मला बराबर ऐकू येईना की."

खरं तर त्याच क्षणी बोलायचं होतं. आज पन्नाशीला टेकल्यावर सांगते, माझ्या हातून झालेली चूक ती घागर विकण्याची नव्हती. ती गप्प बसण्याची होती.

सोमवारी अप्पांनी दोन्ही कानांत लसणाचं कोमट तेल घातलं आणि कापसाचे बोळे लावले. मंगळवारी बसूला दाराबाहेर उभं करून हळूच बोलायला लावलं. बसूनं नुसतेच ओठ हलवले. त्याला वाटलं गंमत चाललीय. अप्पांचा चेहरा उतरला. बुधवारी दुकानात गिऱ्हाइकानं दोन तांबे समोर धरले, "चांगला कोणता, अप्पा?" तर ते टकोरा न मारता म्हणाले, "तुमीच बघा." आमच्या दुकानात हे असं कधी झालं नव्हतं. आणि संध्याकाळी गुरवबाबा आले तेव्हा मी फळीमागून ऐकलं, "बाबा, मला जमंल असं वाटत न्हाई. कान गेले माजे. देवापुढं बेसूर कावून वाजवू?"

मी धावत स्वैपाकघरात गेले. अव्वा भाकरी थापत होती. मी घडाघडा सगळं ओकले, फुलासकट. अव्वेनं भाकरी तव्यावर टाकली, तिच्यावरून पाण्याचा हात फिरवला, आणि मग म्हणाली, "म्हंजी कान तुजे गेलेत. त्यांचे न्हाई."

"मला मारतील."

"मारू देत की. बरं वाटंल त्येंना."

अप्पांनी मारलं नाही. त्यांनी माझ्याकडे इतका वेळ बघितलं की त्यापेक्षा मार परवडला. मग विचारलं, "खरं सांगतीस? का मला बरं वाटावं म्हणून?" मी महादेवाची शपथ घेतली. तरी त्यांचा विश्वास बसेना. कानातला बोळा चाचपत म्हणाले, "उद्या धर्मापुरीला जायचं. माज्या हातानं वाजवल्याबिगर मला पटायचं न्हाई."

धर्मापुरीचं जुनं देऊळ बघायला लांबून लोक येतात. आम्ही जीपमधून उतरलो ते त्याच्याकडे न बघता थेट सुनंदाच्या सासरी. दारात हळदीचे हात, तोरण अजून हिरवं. सासूबाईंनी पाणी दिलं, गूळ दिला, आणि काम विचारलं. अप्पा टोपी नीट करत म्हणाले, "काय न्हाई, तुमच्या सुनेची घागर जरा वाजवायची व्हती."

"वाजवायची?" सासूबाईंनी पदर सावरला. "कावून? फुटकी दिली का काय भानुदासरावांनी?"

"न्हाई न्हाई. माजे कान तपासायचेत."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. हा माणूस ठीक आहे ना, असं त्यात होतं. सुनंदानं माजघरातून घागर आणली, काठोकाठ भरलेली. अप्पा म्हणाले, "रिकामी कर, माय." नवी नवरी बिचारी, आत्ताच आडावरून ओढून आणलेलं पाणी तिनं कपाळाला आठी घालून पिंपात ओतलं. अप्पांनी घागर चुंबळीवर ठेवली. दोन्ही कानांतले बोळे काढून खिशात टाकले. खिशातून काडी काढली आणि वाजवली.

तो आवाज अंगणात असा पसरला की दाव्याच्या गाईनंसुद्धा मान वर केली. मी आजवर शंभर रविवार तो सूर ऐकला होता, म्हणजे ऐकला नव्हता. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की हा आवाज माझ्या ओळखीचा आहे. अप्पांनी पुन्हा वाजवली, तिसऱ्यांदा वाजवली, आणि एकदम लहान पोरासारखे हसायला लागले. "सा! गिरजे, सा हाय हा! शाबूत हायेत माजे कान!"

सासूबाई म्हणाल्या, "तुमची असंल तर घेऊन जावा की, अप्पा. दुसरी द्या म्हंजी झालं."

मी घागर उचलायला वाकलेसुद्धा. पण अप्पांनी तिच्या गळ्याखाली अंगठा फिरवला. सुनंदाच्या नावावरून, मामावरून, माझ्या फुलावरून. "न्हाई," म्हणाले, "लेकीच्या नावाचं भांडं दुकानदार परत नेत नसतो. फकस्त माय, हिला कदी मोडीत घालू नको. मधून मधून टकोरा मारत जा." मग माझ्याकडे वळून, "फूल चांगलं काढलंस."

येताना त्यांनी मला रसवंतीवर नेलं. चरकाला बांधलेले घुंगरू वाजत होते. अप्पा पेला हातात धरून म्हणाले, "ऐक." मी ऐकलं. रस पिता पिता मला रडू आलं आणि ते त्यांनी बघितलं नाही असं त्यांनी दाखवलं.

पण घरी आल्यावर आनंद ओसरला. कान सापडले, सा गेला. शनिवारी शिवरात्र. शुक्रवारी दिवसभर आम्ही बापलेक दुकानातल्या एकूण एक घागरीला टकोरे मारत बसलो. वॉकमन खुंटीला टांगलेला. एक घागर खाली, एक वर, एक बद्द. मला आता फरक कळायला लागला होता, अप्पांच्या आधी मीच म्हणायची, "ही न्हाई." तिन्हीसांजेला अप्पांनी काडी ठेवून दिली. "जाऊ दे. बाबांना निरोप सांगून ये."

तेवढ्यात अव्वा स्वैपाकघरातून तिची पाण्याची घागर घेऊन आली. ही तिच्या माहेरची, गळ्यावर कानडी अक्षरं. सतरा वर्षं ती रोज भरत होती आणि दुकानदाराच्या ह्या घरात तिला कुणी कधी टकोरा मारला नव्हता. अप्पांनी मारला. स्वच्छ, गोड वाजली. पण वर. "अर्धा सूर वर हाय," अप्पा म्हणाले.

अव्वेनं तांब्याभर पाणी घागरीत ओतलं.

"अगं, पाणी घालून कुणी बी सूर लावतंय!" अप्पांचा हा जुना कडक नियम. पाण्यानं जुळवलेला सूर त्यांच्या लेखी सूरच नव्हता. "त्यात भांड्याचं काय ऱ्हायलं?"

"घागर पाण्यासाठीच असती," अव्वा म्हणाली. "वाजवायला तुमीच घेतली." आणि तिनं दुसरा तांब्या ओतला. "आता मारा." अप्पांनी नाइलाजानं मारली. अव्वेनं मान हलवली, घागरीत हात घालून ओंजळभर पाणी काढलं. "आता."

मी म्हणाले, "सा."

त्या घरात परीक्षेचं बरोबर उत्तर मी पहिल्यांदा दिलं, आणि तेही कुणी विचारलं नसताना. अप्पांनी डोळे मिटून पुन्हा पुन्हा वाजवलं. मग अव्वेला विचारलं, "तुला कसं ठावं?"

"रोज भरते. कुटवर भरली की काय बोलती, ते मला ठावं असंल का तुमाला?"

शिवरात्रीला दुपारी देवळाच्या मंडपात सगळा गाव उपाशी पोटी बसला होता. अप्पांना एकट्यानं सगळी भांडी सांभाळायचा धीर होईना, म्हणून त्यांनी सा माझ्याकडे दिला. मला फक्त घागर सांभाळायची. ते मान हलवतील तेव्हा एक टोला. मी चार वेळा चुकले. एकदा तर उत्साहात असा टोला हाणला की पाणी उडून गुरवबाबांच्या सोवळ्यावर गेलं. पण भूप झाला. पहिल्यांदाच फळीबाहेर झाला. शेवटचा सा वाजवून मी काडी पुन्हा उचलली नाही, हात घागरीपासून लांब धरून बसले, आणि सगळा मंडप तो सूर विरेपर्यंत थांबला. अप्पांनी मला शिकवलेलं नव्हतं ते. माझं मलाच थांबावंसं वाटलं.

मग अप्पांच्या घशाला कोरड पडली. "पाणी," म्हणाले. जवळ पाणी होतं ते एकच. अव्वेनं घागर कलती करून त्यांच्या ओंजळीत ओतलं. मग गुरवबाबांनी ओंजळ पुढे केली, मग बसूनं, मग मी. अप्पांचा सा आम्ही सगळ्यांनी मिळून पिऊन टाकला. थंडगार होता.

घागर रिकामी झाली. अव्वेनं सहज तिला बोटानं टकोरा मारला. अर्धा सूर वर. आणि त्या सुरात तिचं गुणगुणणं सुरू झालं, तेच नीरुचं, ज्याला अप्पा 'लई वर लागतंय' म्हणायचे. ते वर नव्हतंच. ते तिच्या घागरीला बरोब्बर होतं. एवढ्या लोकांत आपण गातोय हे लक्षात येऊन ती चपापली आणि थांबली.

अप्पांनी काडी उचलून माझ्या हातात दिली आणि रिकाम्या घागरीकडे बोट केलं. अव्वेला म्हणाले, "थांबू नको." मग आमच्याकडे, सगळ्या मंडपाकडे वळून, रविवारच्या त्याच आवाजात म्हणाले,

"ऐका."